डेडफ्लेची वठलेली झाडे, वाळूचे डोंगर आणि एटोशाचे पाणवठे: फोटोसाठी नेमके काय करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार मित्र ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आठ-नऊ दिवसांसाठी नामिबियाला जाणार आहेत. जवळ फुल फ्रेम कॅमेरा आणि २४-१०५ व १००-४०० अशा दोन लेन्स आहेत. डेडफ्ले या वाळवंटातल्या कोरड्या तळावरची काळी झाडे आणि मागे केशरी वाळू असा 'चित्रासारखा' फोटो, वाळूचे डोंगर आणि एटोशा राष्ट्रीय उद्यानातले प्राणी एवढे हवे आहे. आणखी कुठली लेन्स घ्यावी आणि सेटिंग काय ठेवावे?

लेन्स पुरेशा आहेत. जास्तीचे पैसे खर्च करायचेच असतील तर ते मुक्कामावर करा. सेसरिएम हे डेडफ्लेच्या उद्यानाचे प्रवेशद्वार, तिथे दोन फाटके आहेत. आतल्या फाटकाच्या अलीकडे, म्हणजे उद्यानाच्या हद्दीत मुक्काम असलेल्यांना सूर्योदयाच्या साधारण तासभर आधी पुढे सोडतात. बाहेरच्या लॉजमध्ये राहणाऱ्यांसाठी फाटक उघडते तेच सूर्योदयाला. तिथून ६० किलोमीटर डांबरी रस्ता, वेगमर्यादा पाळली तर तासभर. शेवटचे पाचेक किलोमीटर खोल वाळू आणि त्यानंतर वाळूतून १५-२० मिनिटे पायी. बाहेरून येणारा माणूस डेडफ्लेला पोहोचतो तोवर तुम्हाला हव्या असलेल्या फोटोची वेळ बहुतेकदा टळलेली असते. त्यामुळे सेसरिएमच्या कॅम्पसाइटवरचा साधा तंबूसुद्धा बाहेरच्या महागड्या लॉजपेक्षा बरा. तिथे तीन रात्री, किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंड शहरात एक किंवा दोन आणि एटोशात तीन ते चार रात्री अशी वाटणी करा. यातले बरेचसे रस्ते खडीचे आहेत. राजधानी विंडहुक ते सेसरिएम सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरच, पण पाच तास धरा.

(डेडफ्लेतल्या 'फ्ले'चे नकाशावरचे स्पेलिंग 'व्ही'ने सुरू होते, उच्चार मात्र 'फ्ले'. आफ्रिकान्समध्ये अर्थ पाणथळ जागा. त्साउखाब नदीचे पाणी कधीकाळी इथवर येई. मग वाळूच्या डोंगरांनी वाट अडवली, पाणी तुटले आणि झाडे वठली. झाडे कॅमल थॉर्नची, आपल्या बाभळीच्या कुळातली. मरून सहाशे-सातशे वर्षे झाली तरी उभी आहेत, कारण हवा इतकी कोरडी की लाकूड कुजत नाही. उन्हाने ती करपून काळी पडली आहेत.)

तो फोटो कसा होतो ते आधी समजून घ्या, कारण वेळ, जागा, लेन्स सगळे त्यातूनच ठरते. झाडे आणि पांढरी जमीन सावलीत आहेत, मागचा डोंगर उन्हात आहे आणि चौकटीत आकाश अजिबात नाही, एवढेच त्यात आहे. सावलीतल्या जमिनीवर उजेड पडतो तो फक्त निळ्या आकाशाचा, म्हणून ती निळसर राखाडी दिसते. मागची वाळू मुळात लोहाच्या गंजाने तांबूस, तिच्यावर सकाळचे कोवळे ऊन, म्हणून ती केशरी. लोक याला फोटोशॉप म्हणतात. ते तसे नाही, फक्त ऊन-सावलीची हद्द योग्य जागी आल्यावर बटण दाबलेले असते.

ही हद्द सरकते कशी? डेडफ्लेचा तळ डोंगरांनी वेढलेला आहे. सूर्य उगवला की पहिले ऊन पश्चिमेकडच्या डोंगराच्या माथ्यावर पडते आणि मग खाली उतरत येते. ते डोंगराच्या पायथ्याला टेकले, पण जमिनीवर अजून आले नाही, तो क्षण तुमचा. तेव्हा मागचा पडदा पूर्ण केशरी आणि पुढचे सगळे सावलीत असते. काही मिनिटांतच ऊन जमिनीवर येते आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरू लागते. म्हणजे पश्चिमेकडची झाडे आधी उन्हात येतात आणि पूर्वेकडची सर्वांत शेवटी. बहुतेक जण पहिल्याच झाडाशी तिपाई रोवून बसतात आणि ऊन आले की 'संपले' म्हणून निघतात. तसे करू नका. उन्हाच्या पुढे पुढे पूर्वेकडे मागे सरकत राहा, तोंड पश्चिमेकडे ठेवा, दर खेपेला सावलीतले नवे झाड निवडा. पाच मिनिटांचा खेळ असा अर्ध्या तासावर जातो. तुम्ही स्वतःही सावलीतच असता, त्यामुळे लेन्समध्ये फ्लेअर येत नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे सूर्योदय साधारण साडेसातला होतो. सूर्योदयापासून अर्ध्या-पाऊण तासात तळावर पोहोचायचे असे गणित बसवा.

संध्याकाळी हेच उलटे होते. सावली पश्चिमेकडून येते आणि पूर्वेकडचे डोंगर पेटतात. गर्दी सकाळच्या मानाने फारच कमी. दुपारनंतर वारा सुटतो आणि वाळू उडते, हा तोटा आहे खरा. तरीही सकाळी हुकलेल्या माणसाने दुसऱ्या सकाळची वाट पाहण्याआधी ही संध्याकाळ वापरावी. परतायला फाटक बंद होण्याची वेळ मात्र घड्याळ लावून पाळा.

आता लेन्स. १६-३५ घेऊन झाडाजवळ गेलात तर डोंगर लहान होतो, आकाश घुसते आणि पडदा फाटतो. मागे जा, १००-४०० लावा आणि १५० ते ३०० मिलिमीटरच्या दरम्यान काम करा. डोंगर चौकटभर पसरतो आणि त्यावरचे गवताचे झुबके ठिपक्यांसारखे दिसतात. खाली जमिनीची पातळ पट्टी ठेवा, नाहीतर झाडे अधांतरी वाटतात. फांदीवर फांदी चढू देऊ नका. काळ्या आकृतीत दोन झाडे एकमेकांत गेली की नुसता गोळा दिसतो. एक पाऊल डावी-उजवीकडे सरकल्याने जे सुटते ते नंतर संगणकावर सुटत नाही.

फोकसचे गणित तिथे जाऊन करू नका, आधीच लिहून न्या. फुल फ्रेमवर २०० मिलिमीटर आणि एफ/११ ला हायपरफोकल अंतर साधारण १२० मीटर येते, म्हणजे तिथे फोकस केला तर ६० मीटरपासून पुढचे सगळे चालण्याजोगे धारदार. १०० मिलिमीटरला तेच ३० आणि १५ मीटर. ४०० ला मात्र जवळपास ४८५ मीटर होते, तिथे एका फोटोत झाड आणि डोंगर दोन्ही बसत नाहीत. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर मोठा प्रिंट काढायचा असेल तर हे आकडेही सैल आहेत. अशा वेळी एफ/८ ठेवून दोन फोटो घ्या, एक झाडावर आणि एक डोंगरावर फोकस करून, आणि नंतर जोडा. एफ/२२ पर्यंत जाण्यात अर्थ नाही, डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळीकडेच मऊपणा येतो.

एक्स्पोजर उन्हातल्या वाळूवरून ठरवा. वाळूवर स्पॉट मीटरिंग (फक्त त्या छोट्या भागाचा उजेड मोजणे) करून अर्धा ते पाऊण स्टॉप वर जा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आयएसओ १०० आणि एफ/११ ला शटर १/६० ते १/१२५ च्या आसपास येईल. सावली त्यापेक्षा अडीच-तीन स्टॉपने खाली राहते. रॉ फाइलमध्ये तेवढे सहज उचलता येते, पाच फोटो जोडून करायच्या एचडीआरची गरज नाही. नेहमीची चूक वेगळीच असते. केशरी वाळूत लाल चॅनल सगळ्यांत आधी फाटतो, पण एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) शहाण्यासारखा मधोमध दिसत राहतो. घरी आल्यावर वाळूचे कण नाहीसे होऊन तिथे रंगाचा सपाट लेप दिसतो. म्हणून तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल उजव्या भिंतीला टेकला की एक-तृतीयांश स्टॉप खाली या. व्हाइट बॅलन्स ५२०० केल्विनच्या आसपास पक्का ठेवा. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा निळा आणि केशरी दोन्ही धुऊन काढतो आणि मग 'आमच्या फोटोत तो रंग का नाही' हा प्रश्न येतो.

पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) बॅगेत राहू द्या. कोरड्या हवेत आकाश मुळातच गडद असते, त्यावर पोलरायझर लावला की ते काळपट पडते आणि रुंद लेन्सवर एका बाजूला डाग उमटतो.

झाडांना हात लावू नका, टेकू नका, चढू नका. सातशे वर्षांच्या सुक्या लाकडाची फांदी एकदा मोडली की मोडली.

डोंगरांकडे वळू. ड्यून ४५ हे नाव सेसरिएमपासूनच्या ४५ किलोमीटरवरून पडले. सगळे त्यावर चढतात आणि चढलेल्या डोंगराचा चांगला फोटो येत नाही, कारण धारेवर पायवाट झालेली असते. चढायचे असेल तर चढा, पण फोटो रस्त्याच्या बाजूने, दूरून, पायथ्याच्या जिवंत झाडासह १०० ते ३०० मिलिमीटरने काढा. त्या एका झाडामुळे डोंगराची उंची कळते. डेडफ्लेच्या डोक्यावरचा बिग डॅडी सव्वातीनशे मीटरच्या आसपास आहे. झाड किंवा माणूस नसेल तर तो फोटोत दहा मीटरचाही वाटू शकतो.

वाळूचे रूप सगळे बाजूच्या उन्हावर आहे. सोसुस्फ्ले, म्हणजे डेडफ्लेच्या आसपासचा हा परिसर, मकरवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिथे दुपारचा सूर्य बाराही महिने उत्तरेकडे असतो. आपल्याकडे थंडीत ऊन दक्षिणेकडून येते त्याच्या बरोबर उलट, आणि पहिल्या दिवशी दिशांचा गोंधळ हमखास होतो. उत्तर-दक्षिण पसरलेल्या धारा सकाळी आणि संध्याकाळी उत्तम, एक बाजू उजळ आणि दुसरी काळी. उत्तरेकडे तोंड असलेले उतार दुपारी अगदी सपाट दिसतात. इथले बरेच डोंगर अनेक दिशांच्या वाऱ्यांनी घडलेले, ताऱ्यासारखे अनेक धारांचे आहेत. त्यामुळे एक धार बिघडली तर गाडी दोन किलोमीटर पुढे नेल्यावर दुसरी मिळते. सकाळी दहानंतर लांबचे फोटो सोडून द्या. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि ४०० मिलिमीटरचा फोटो कितीही महाग लेन्सने काढला तरी मऊच येतो. यावर अंतर कमी करणे एवढाच उपाय.

गाडीचे सांगतो, कारण तिथे अडकलेला माणूस फोटो काढत नाही. शेवटच्या वाळूच्या पट्ट्याआधी चारही टायरची हवा १८ ते २० पीएसआयवर आणा, फोर व्हील लो किंवा हाय लावा, एकसारख्या वेगाने जा आणि मध्ये थांबू नका. चाक रुतले की अॅक्सिलरेटर दाबू नका, गाडी आणखी खाली बसते. वाळू उकरा, हवा आणखी थोडी काढा, आल्या वाटेने मागे घ्या. डांबरी रस्त्यावर परतल्यावर हवा भरायला छोटा कंप्रेसर गाडीसोबत मागून घ्या. टू व्हील ड्राइव्ह असेल तर डांबर संपते तिथून शटल मिळते. गाडी डावीकडूनच चालवायची आहे, तेवढी सोय.

कॅमेऱ्याला मारते ती बारीक वाळू. उघड्यावर लेन्स बदलू नका. दोन बॉडी असतील तर एकेकीवर एकेक लेन्स कायमची, नसतील तर गाडीत, काचा वर करून, पंखा बंद करून बदला. वाळू दिसली की पुसू नका, आधी हवेच्या ब्लोअरने उडवा. कोरड्या हवेत कापड घासले की स्थिर वीज तयार होते आणि धूळ उलट जास्त चिकटते. तिपाईचा सगळ्यांत खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढा, म्हणजे वरची कुलपे वाळूच्या वर राहतात. बहुतेक जण सवयीने वरचा भाग आधी काढतात आणि खालचे कुलूप वाळूत बुडवतात. मग ते करकर वाजते. मुक्कामी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, उघडून वाळवा. मऊ वाळूत पायांखाली बरणीची झाकणे ठेवली तर एक्स्पोजर चालू असताना तिपाई खचत नाही.

रात्रीचे थोडे. आतल्या फाटकाच्या पलीकडे रात्री थांबता येत नाही, त्यामुळे डेडफ्लेत आकाशगंगेचे जे फोटो दिसतात ते खास परवानगीने काढलेले असतात. फाटक चुकवून बसायच्या फंदात पडू नका. कॅम्पसाइटवरून किंवा दक्षिणेकडच्या नामिबरँड अभयारण्यातून आकाश तितकेच काळे मिळते. हे अभयारण्य २०१२ पासून आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय रिझर्व्ह' आहे. तारीख पंचांगात अमावास्या पाहूनच ठरवा. एक अडचण आधीच सांगतो. मूळ नक्षत्राच्या बाजूचा आकाशगंगेचा गाभा महाराष्ट्रातून दक्षिणेला चाळीसएक अंशांवर दिसतो, तिथे तो जवळपास डोक्यावर येतो. ऑगस्टच्या मध्यात हे रात्री सव्वानऊच्या सुमारास होते. तेव्हा जमिनीवरचे झाड आणि गाभा एका चौकटीत बसवायला उभा पॅनोरमा करावा लागतो. मध्यरात्रीनंतर पावणेदोन-दोनला तो पश्चिमेला तीस अंशांवर उतरतो, तेव्हा साधी २४ मिलिमीटर पुरते. एफ/४ लेन्सवर आयएसओ ६४०० आणि १५ सेकंदांपासून सुरुवात करा. पहाटे चांगलीच थंडी असते, सुटी बॅटरी खिशात, अंगाशी ठेवा.

वाळवंटातला ऑरिक्स, म्हणजे गेम्सबॉक, सेसरिएम ते सोसुस्फ्लेच्या रस्त्यालगत बहुधा दिसतोच. इथेही नियम डेडफ्लेचाच: आधी मागचा पडदा, मग प्राणी. जनावर उन्हात आणि मागे डोंगराची सावलीतली काळी बाजू असेल अशी जागा शोधा आणि तो तिथे चालत येईपर्यंत गाडीत थांबा. फोटोत तो चौकटीचा वीसावा हिस्साच व्यापत असेल तर बिघडत नाही, उलट तेच चित्र आहे. गाडीतून उतरून त्याच्या मागे जाऊ नका. हा प्राणी पाणी वाचवण्यासाठी घाम टाळतो आणि अंगाचे तापमान चढू देतो. त्याला पळवणे म्हणजे त्याची दिवसभराची बचत उधळणे.

स्वाकोपमुंडला अर्धा दिवस वाटाड्याबरोबर किनाऱ्याजवळच्या वाळूत जा. पेरिंगीचा अॅडर हा फुरशाच्या कुळातला छोटा साप तिथे वाळूत गाडून घेतो आणि फक्त डोक्यावरचे डोळे बाहेर ठेवतो. नामाक्वा सरडा रंग बदलत फिरतो. इथे १०० मिलिमीटर मॅक्रो असेल तर उत्तम, नाहीतर १००-४०० ची जवळची फोकस मर्यादा पुरते. एफ/८, १/५००, आणि पोटावर झोपून प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून. सापापासूनचे अंतर वाटाड्या सांगेल तेच. काठीने उकरून 'बाहेर काढा' असे त्याला कधी म्हणू नका.

एटोशात खेळ वेगळा. ऑगस्ट कोरडा असतो, गवत कमी आणि पाणी मोजक्या ठिकाणी, म्हणून भटकण्यापेक्षा पाणवठ्यावर गाडी बंद करून दोन तास बसणे फायद्याचे. ओकाउकुएजो कॅम्पजवळ नेब्राउनीला हत्ती, पॅनच्या (एटोशातल्या विस्तीर्ण, कोरड्या, खारट तळाच्या) कडेच्या ओकोन्डेकाला सिंह, पूर्वेला नामुटोनी कॅम्पच्या बाजूला चुडोप. सकाळी सूर्य पाठीशी येईल अशा बाजूला गाडी लावा. इंजिन बंदच हवे, त्याच्या थरथरीने १/५०० लाही फोटो हलतो. खिडकीवर ठेवायला बीनबॅग रिकामी न्या आणि तिथे दुकानात तांदूळ घेऊन भरा. शेवटच्या रात्री त्याचाच भात होतो. कॅम्प आणि स्वच्छतागृहाच्या कुंपणाबाहेर गाडीतून उतरायला बंदी आहे, रस्ता सोडायलाही. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही, सोसुस्फ्लेतही नाही.

पॅनची माती पांढरी असल्याने कॅमेरा फसतो आणि प्राणी काळे येतात. उजेड पाठीशी असताना अर्धा ते एक स्टॉप वर जा, पण झेब्र्याचे पांढरे पट्टे फाटत नाहीत ना ते दर काही फोटोंनी पाहा. मातीत लोळलेले हत्ती तर राखेसारखे पांढरट दिसतात, त्यांना जास्तीचे एक्स्पोजर लागत नाही. उभ्या जनावराला १/५००, पाण्यावर येणाऱ्या-पळणाऱ्या स्प्रिंगबॉकला १/२०००. आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ६४००. दुपारी बारा ते तीन झोपा, मृगजळ सगळे खाऊन टाकते.

ओकाउकुएजो कॅम्पचा पाणवठा रात्रभर दिव्यांनी उजळलेला असतो आणि काळा गेंडा पाहण्याची ती जगातली फार चांगली जागा आहे. संध्याकाळी तुमचे तोंड मावळतीकडे असते. जिराफ पाण्याशी वाकला की सावळी आकृती आणि तिचे प्रतिबिंब दोन्ही मिळतात. त्यासाठी आकाशावरून एक्स्पोजर घ्या आणि तिपाई खाली आणा. अंधार झाल्यावर एफ/५.६ ची १००-४०० अपुरी पडते. चेहऱ्याचा हट्ट सोडा आणि २४-१०५ एफ/४ ने पाणी, प्रतिबिंब आणि गेंडा असे सगळे दृश्य घ्या. आयएसओ ६४००, १/१५ सेकंद, तिपाई, आणि तो पाणी पिताना स्थिर उभा असेल तेव्हाच आठ-दहा फोटोंची झोड. त्यातला एखादा धारदार निघतो. उजेड पिवळसर आहे, रॉमध्ये नीट करता येतो, नाही जमला तर कृष्णधवल. फ्लॅश आणि विजेरी बंद, आणि बोलणे हळू. शेजारी बसलेले चाळीस जण त्याच गेंड्यासाठी तीन तास गप्प बसलेले असतात.